घर आणि खुराडे यांच्यामधील आयुष्य : फ्लॅनरी ओकॉनरचे पक्षिपालन, आजार आणि कथालेखन

प्रस्तावना

अमेरिकेच्या दक्षिण भागातील कथालेखिका फ्लॅनरी ओकॉनर (१९२५–१९६४) हिने १९५८ मध्ये एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात आपले चरित्र कोणी लिहिणार नाही, असे भाकीत केले होते. घर आणि कोंबड्यांचे आवार यांच्यामध्ये जे आयुष्य जाते त्यात चरित्रकाराच्या कामाचे असे काही घडत नाही, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. भाकीत खोटे ठरले. जीन कॅश यांनी २००२ मध्ये आणि ब्रॅड गूच यांनी २००९ मध्ये तिची विस्तृत चरित्रे प्रसिद्ध केली. जॉर्जिया राज्यातील मिलेजव्हिल गावाजवळचे तिचे 'अँडलुझिया' हे शेतघर २००३ पासून लोकांसाठी खुले झाले आणि २०१७ मध्ये ते तेथील जॉर्जिया कॉलेजच्या ताब्यात आले. भाकीत खोटे ठरले तरी त्यामागील प्रश्न मात्र शिल्लक राहतो. ज्या आयुष्यात बाह्यतः काही घडत नाही, जे आयुष्य एका दीर्घ आजाराने घर आणि परस एवढ्या परिघात आणून ठेवले आहे, त्याचे वाङ्मयीन मोल समीक्षेने कसे ठरवावे?

ओकॉनरविषयीच्या लेखनात या प्रश्नाची दोन ठरावीक उत्तरे आढळतात. पहिल्या उत्तरात तिच्या कोंबड्या, मोर, बदके हा गमतीचा भाग ठरतो; व्याख्यानाच्या प्रारंभी सांगावा आणि मग 'मूळ' विषयाकडे, म्हणजे कॅथलिक श्रद्धा, पाप आणि कृपा यांच्याकडे वळावे, अशी ती सोय असते. दुसऱ्या उत्तरात पक्षिपालन हे आजारावरचे सांत्वन ठरते. ल्यूपससारखा असाध्य विकार, अविवाहित जीवन, आईवरील अवलंबन या सर्वांची भरपाई म्हणून तिने पक्षी पाळले, असे समजण्यात येते. दोन्ही उत्तरे सोयीची असली तरी अपुरी आहेत. ओकॉनरचे पक्षिपालन लेखनाच्या बाजूला चालणारा विरंगुळा नव्हता आणि आजाराचा विसर पाडणारे औषधही नव्हते. मोजक्या शक्तीत जगावे लागणाऱ्या व्यक्तीने पाहण्याची जी शिस्त अंगी बाणवली तिचे ते एक रूप होते आणि तिच्या कथांतील रुग्णपात्रांत नेमकी हीच शिस्त अनुपस्थित आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. अर्थात, या शिस्तीला लागणारा अवकाश कोणाच्या श्रमावर उभा होता, हा प्रश्नही त्याबरोबर विचारावा लागतो.

मोजून घ्यावी लागणारी शक्ती

डिसेंबर १९५० मध्ये, 'वाइज ब्लड' या पहिल्या कादंबरीचे काम चालू असताना, कनेक्टिकटहून नाताळसाठी घरी येणाऱ्या ओकॉनरला प्रवासातच गंभीर दुखणे आले. त्यावेळी ती २५ वर्षांची होती. आयोवा विद्यापीठातील लेखनवर्ग, न्यूयॉर्क राज्यातील 'याडो' ही कलावंतांची निवासी वसाहत आणि नंतर कवी रॉबर्ट फिट्झजेराल्ड व सॅली फिट्झजेराल्ड यांच्या घरी मुक्काम असा तिचा पाच वर्षांचा स्वतंत्र प्रवास तेथे थांबला. प्रारंभी संधिवाताचे निदान झाले. नंतर ल्यूपसचे निदान निश्चित झाले. शरीराची प्रतिकारयंत्रणा शरीराच्याच पेशींवर उलटविणाऱ्या याच विकाराने तिचे वडील १९४१ मध्ये गेले होते. म्हणूनच की काय, आई रेजिना हिने मुलीला आजाराचे खरे नाव सांगितले नाही. ते तिला १९५२ च्या उन्हाळ्यात सॅली फिट्झजेराल्डकडून कळले.

१९५१ पासून मायलेकी अँडलुझियावर राहू लागल्या. गावापासून सुमारे चार मैलांवरील, ५४४ एकरांचे हे दुग्धव्यवसायाचे शेत रेजिना स्वतः चालवीत असे. जिने चढणे अवघड असल्याने ओकॉनरची खोली तळमजल्यावर होती. सकाळी दोन-तीन तास लेखन, दुपारी गावात जाऊन जेवण, मग पाहुणे, पत्रे आणि पक्षी, असा क्रम ठरला. १९५५ च्या सुमारास खुब्याचे हाड खचू लागले आणि कुबड्या आल्या. त्यांविषयी लिहिताना तिने स्वतःला बाहेरून टेकू दिलेल्या चर्चच्या इमारतीची उपमा दिली. या क्रमात तिने 'अ गुड मॅन इज हार्ड टु फाइंड' (१९५५) हा कथासंग्रह, 'द व्हायलेंट बेअर इट अवे' (१९६०) ही कादंबरी आणि मृत्यूनंतर १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एव्हरीथिंग दॅट राइझेस मस्ट कन्व्हर्ज' या संग्रहातील कथा लिहिल्या. ३ ऑगस्ट १९६४ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, मूत्रपिंडे निकामी होऊन तिचा मृत्यू झाला.

सॅली फिट्झजेराल्ड यांनी संपादित केलेल्या 'द हॅबिट ऑफ बीइंग' (१९७९) या पत्रसंग्रहात आजाराचा उल्लेख वारंवार येतो, परंतु तो मात्रा, खर्च आणि चाल यांच्या भाषेत येतो. सूज किती, इंजेक्शन किती, आता किती तास बसता येते याच्या या नोंदी आहेत. आजाराविषयीच्या कथनांचे आर्थर फ्रँक यांनी 'द वूंडेड स्टोरीटेलर' (१९९५) या ग्रंथात जे तीन प्रकार सांगितले आहेत, म्हणजे बरे होण्याची कथा, कोसळण्याची कथा आणि शोधयात्रेची कथा, त्यांपैकी कोणत्याही प्रकारात ही पत्रे नीट बसत नाहीत. बरे होण्याची आशा तेथे नाही, आक्रोश नाही आणि आजाराने आपल्याला मोठे केले असा दावाही जवळजवळ नाही. 'जवळजवळ' हा शब्द जपून वापरला आहे. कारण १९५६ मधील एका पत्रात आजार हे एक ठिकाणच असते, युरोपच्या दीर्घ प्रवासापेक्षा ते अधिक शिकविते आणि तेथे सोबतीला कोणी येऊ शकत नाही, असे ती लिहून जाते. त्याहून महत्त्वाचे वाटते ते १९५३ मध्ये कवी रॉबर्ट लोवेल आणि त्यांची पत्नी यांना लिहिलेले पत्र. लिहिण्यापुरती शक्ती आपल्याकडे आहे आणि तेवढीच लागते, असे सांगून ती पुढे म्हणते की, जी गोष्ट मोजून वापरावी लागते तिच्याकडे माणूस अधिक बारकाईने पाहू लागतो. निदान आपण स्वतःला तसे सांगतो, असेही ती लगेच जोडते. हे शेपूट समीक्षक बहुधा वगळतात. ते वगळले की विधान सुभाषित होते. ठेवले की एका सावध स्त्रीने स्वतःशी घातलेली समजूत म्हणून ते वाचता येते.

उपयुक्ततेच्या राज्यातील निरुपयोगी पक्षी

पक्ष्यांचा नाद आजाराच्या कितीतरी आधीचा होता, ही गोष्ट सांत्वनाच्या सिद्धान्ताला पहिला छेद देते. सव्हाना शहरात बालपणी तिच्याकडे उलटी चालू शकणारी एक कोचीन बॅन्टम कोंबडी होती आणि तिचे चित्रीकरण करण्यासाठी 'पाथे न्यूज' या वृत्तपट संस्थेने छायाचित्रकार पाठविला होता. या प्रसंगानंतर आपला छंद ध्यास बनला, असे ओकॉनरने १९६१ मध्ये 'हॉलिडे' मासिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात सांगितले आहे. 'मिस्टरी अँड मॅनर्स' (१९६९) या संग्रहात हाच लेख 'द किंग ऑफ द बर्ड्‌स' या शीर्षकाने आला. दोन वेगळ्या रंगांचे डोळे, लांबलेली मान, वाकडा तुरा अशा कोंबड्या तिला विशेष आवडत. शिवणकाम बेताचे येत होते, तेवढ्या बळावर तिने कोंबड्यांसाठी कपडे शिवले. 'कर्नल एग्बर्ट' नावाच्या करड्या बॅन्टमला लेस लावलेल्या कॉलरचा आणि पाठीवर दोन गुंड्या असलेला पांढरा कोट मिळाला. विक्षिप्त कोंबड्या आवडणाऱ्या मुलीने पुढे विक्षिप्त माणसांच्या कथा लिहिल्या, हा दुवा समीक्षेत इतका वापरून झाला आहे की, त्यातून आता नवे काही हाती लागत नाही. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, शिवणकामासारखे मुलींना घरकामाची तयारी म्हणून शिकविले जाणारे कौशल्य तिने घराला काडीचाही उपयोग नसलेल्या कामासाठी वापरले.

मोर आले ते १९५२ मध्ये, म्हणजे ल्यूपसचे नाव तिला कळले त्याच वर्षी. फ्लॉरिडातील बाजारपत्रकातील जाहिरात वाचून तिने ६५ डॉलर दराची एक जोडी आणि चार पिल्ले मागविली. त्यापूर्वी तिने प्रत्यक्ष मोर पाहिलेला नव्हता. हे पक्षी आपली फुले खातील का, ही रेजिनाची पहिली शंका होती. इतर कोंबड्यांप्रमाणे तेही बाजारचे खाद्य खातील, असे उत्तर तिला मिळाले. मोरांनी बाजारचे खाद्य खाल्ले आणि फुलेही खाल्ली. पुढे मामाची अंजिरेही खाल्ली. लेख लिहिण्याच्या वेळी त्यांची संख्या चाळिसाच्या आसपास पोहोचली होती.

हा लेख वाचताना त्यातील अर्थव्यवस्थेकडे लक्ष द्यावयास हवे. रेजिनाच्या शेतावर प्रत्येक सजीवाने आपला खर्च भरून काढावा अशी अपेक्षा होती. गाईने दूध द्यावे, कोंबडीने अंडी द्यावीत. मोर खातो पुष्कळ, नासधूस करतो, रात्री ओरडतो आणि त्या मोबदल्यात पिसारा उभारतो, तोही स्वतःच्या मर्जीने. ओकॉनरने सांगितलेला एक प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. दूरध्वनीची तार दुरुस्त करण्यासाठी आलेला एक माणूस मोराने पिसारा उभारावा म्हणून खोळंबतो. अखेर मोर पिसारा उभारतो आणि तो माणूस कौतुक करतो ते मोराच्या लांब, कुरूप पायांचे. हा पठ्ठ्या बसच्याही पुढे धावेल, असे त्याला वाटते. वाचकाला हसू येते, परंतु ओकॉनर त्या माणसाला हसत नाही. त्यानेही पाहिले आहे, फक्त पाय पाहिले आहेत.

दुसरे म्हणजे, या संपूर्ण लेखात आजाराचे नावही येत नाही. लेखिका तेव्हा कुबड्यांवर चालत होती. 'छंदामुळे मला बळ मिळाले' असे एक वाक्य टाकले असते तर मासिकाच्या वाचकांना ते आवडलेच असते. ते तिने टाळले. सूझन सॉन्टॅग यांनी 'इलनेस अ‍ॅज मेटफर' (१९७८) मध्ये आजाराला रूपकांपासून सोडविण्याची जी मागणी केली, ती ओकॉनरने सतरा वर्षे आधी एका वेगळ्याच मार्गाने पाळली होती, असे म्हणता येईल. आजाराला रूपक होऊ द्यायचे नाही आणि पक्ष्यालाही आजाराचे औषध होऊ द्यायचे नाही, असा तो मार्ग होता.

तरीही आजार या लेखात नाही असे नव्हे. तो काळाच्या रूपाने आहे. मोराला पूर्ण पिसारा येण्यास साधारण तीन वर्षे लागतात. पहिली दोन वर्षे तो चिंध्यांच्या गाठोड्यातून जोडून काढल्यासारखा दिसतो, अशा अर्थाचे वर्णन ती करते. पिसारा आला तरी दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस तो झडतो आणि पुन्हा वाढतो. अशा पक्ष्याचा मालक घाई करू शकत नाही. 'द व्हायलेंट बेअर इट अवे' या लहानशा कादंबरीला सुमारे सात वर्षे लागली, हे येथे आठवते. दीर्घ आजारात काळ पुढे सरकत नाही, तो चढतो आणि उतरतो. झडणे आणि उगवणे यांच्यात जगणाऱ्या पक्ष्याकडे पाहण्याची तिची तयारी या काळाने केली असावी. मराठीत 'छंद' या शब्दाला वृत्त आणि नाद असे दोन्ही अर्थ आहेत. इंग्रजीतील 'हॉबी' या शब्दात फावल्या वेळेची जी छटा आहे ती या शब्दात नाही. ओकॉनरच्या पक्षिपालनाला म्हणूनच मराठी शब्द अधिक शोभतो.

आपल्याकडील वाचकाला या मोराची ओळख पटण्यास थोडा वेळ लागतो. अँडलुझियावर हिंडणारा पक्षी मूळचा भारतीय उपखंडातीलच निळा मोर होता. परंतु आपल्या मनातला मोर पावसाशी, नृत्याशी आणि सरस्वतीच्या चित्राशी जोडलेला आहे. १९६३ मध्ये तो राष्ट्रीय पक्षी ठरला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. तो कोंबड्यांच्या आवारात बाजारचे खाद्य खाताना आपण पाहिलेला नसतो. पेरलेल्या शेतातला त्याचा उपद्रव मात्र आपल्याकडील शेतकऱ्याला ठाऊक असतो. ओकॉनरच्या कथेत ख्रिस्ती परंपरेतील मोर येतो. मोराचे मांस कुजत नाही, ही समजूत संत ऑगस्टिनने 'सिटी ऑफ गॉड' मध्ये नोंदविली आहे आणि त्यातूनच हा पक्षी अमरत्वाचे चिन्ह झाला. मात्र अंजिरे खाणारा, मार खाऊनही न हटणारा मोर तिने आधी पाहिला होता, म्हणूनच तिच्या कथेतील चिन्ह नुसते चिन्ह राहत नाही.

कथांतील रुग्ण

ओकॉनरच्या कथांत आईच्या शेतावर अडकलेली आजारी किंवा अपंग मुले पुन्हा पुन्हा येतात. त्यांना लेखिकेचे आत्मचित्र मानण्याची प्रथा आहे. आत्मचित्राच्या जवळपास जाणारे बरेच काही त्यांच्यात आहे हे मान्य करूनही, लेखिकेने स्वतःजवळची एक गोष्ट त्यांना दिलेली नाही, याकडे लक्ष वेधावेसे वाटते.

'गुड कंट्री पीपल' (१९५५) मधील जॉय ऊर्फ हल्गा ही ३२ वर्षांची, तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळविलेली, एक पाय लाकडी असलेली आणि हृदयविकारामुळे घरी राहावे लागलेली स्त्री आहे. प्रकृती बरी असती तर आपण या टेकड्यांपासून दूर एखाद्या विद्यापीठात शिकवीत असतो, हे ती आईला ऐकविते. पक्षी, प्राणी, फुले, निसर्ग यांपैकी काहीही तिला आवडत नाही, असे निवेदक जाता जाता नोंदवितो. ही नोंद वरवर विनोदी असली तरी कथेचा सगळा भार तिच्यावर आहे. हल्गाने आजूबाजूचे सर्व काही नाकारले आहे आणि स्वतःच्या लाकडी पायाची मात्र ती एकांतात, एखाद्याने आत्म्याची घ्यावी तशी काळजी घेते. बायबल विकणारा तरुण तोच पाय पळवून नेतो. ज्या आवारात ती राहते तेथे तिने डोळे उघडून काही पाहिलेलेच नसते, म्हणून समोरचा माणूसही तिला दिसत नाही. 'साध्या खेडवळ माणसां'विषयीचा आईचा भाबडा समज ती तुच्छ मानते आणि स्वतः त्याच समजाला बळी पडते.

'द एन्ड्युअरिंग चिल' (१९५८) मधील ॲसबरी न्यूयॉर्कहून मरण्यासाठी घरी आला आहे. आपला मृत्यू आईला अखेर काहीतरी शिकवील, अशी त्याची कल्पना आहे. आईचे सुचविणे असते ते गोठ्याकडे जाऊन बसण्याचे, काहीतरी काम करण्याचे, आणि त्याला ते असह्य होते. शेवटी गावातील सामान्य डॉक्टर निदान करतो : कच्च्या दुधातून आलेला, चढउतार होत राहणारा ताप, म्हणजे ब्रुसेलोसिस. तो परत परत येईल, पण मारणार नाही. ॲसबरीच्या दृष्टीने याहून मोठी आपत्ती नाही. मृत्यूत नाट्य आहे. दीर्घ आजारात नाही. खोलीच्या छतावरील, चोचीत बर्फाची सुई धरलेल्या पक्ष्यासारखा दिसणारा ओलीचा डाग आता त्याच्यावर उतरू लागतो. पवित्र आत्म्याचे हे अवतरण असल्याचे कथा उघड सांगते. त्याच्या वाट्याला आलेला पक्षी मात्र दाणे टाकून बोलावता येण्याजोगा नाही.

या दोघांच्या तुलनेत 'द डिस्प्लेस्ड पर्सन' मधील मिसेस मॅकिन्टायरचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण तिच्या आवारात मोर आहेच. दिवंगत पतीने हौसेने ठेवलेले वीस-तीस मोर तिने हळूहळू मरू दिले आहेत. त्यांचे ओरडणे तिला नको आहे. उरलेला मोर तिच्या लेखी खाणारे आणखी एक तोंड आहे. पोलंडहून आलेल्या निर्वासित कामगाराला कामावरून कसे काढावे यासंबंधी ती म्हाताऱ्या धर्मगुरूशी बोलत असताना मोर पिसारा उभारतो आणि धर्मगुरू भान हरपून पाहत राहतो. तो बोलतो ख्रिस्ताविषयी, तिला ऐकू येते कामगाराविषयी. उपयुक्ततेच्या भाषेत रुतलेल्या मनाला दुसरी भाषा कशी ऐकूच येत नाही, हे इतक्या थोड्या संवादात दाखविणारा दुसरा प्रसंग ओकॉनरच्या लेखनात विरळा. निर्वासित कामगार ट्रॅक्टरखाली चिरडून मरतो. ब्रेक लावलेला मोठा ट्रॅक्टर उतारावरून सरकताना पाहणाऱ्यांपैकी कोणीही ओरडून त्याला सावध करीत नाही, तीही नाही. त्यानंतर तिची प्रकृती कायमची ढासळते. गाई विकल्या जातात, दृष्टी अधू होते, ती अंथरुणाला खिळते. आठवड्यातून एकदा तो धर्मगुरू येतो, पिशवीतले पावाचे तुकडे आधी मोराला घालतो आणि मग तिच्या खाटेशेजारी बसून धर्मतत्त्वे समजावून सांगतो. या शेवटात दीर्घ आजार आणि पक्ष्याला दाणा टाकण्याची कृती एकाच चौकटीत आली आहे. फक्त दाणा टाकणारा हात रुग्णाचा नाही.

'रेव्हेलेशन' (१९६४) या शेवटच्या काळातील कथेचा येथे ओझरता उल्लेख पुरे. ती डॉक्टरच्या प्रतीक्षाकक्षात सुरू होते आणि डुकरांच्या कोंडवाड्यापाशी संपते. ओकॉनरला दिले जाणारे एसीटीएच हे संप्रेरक त्या काळी कत्तल केलेल्या डुकरांच्या ग्रंथींपासून काढले जाई आणि आपले अस्तित्व शिकागोत मारल्या जाणाऱ्या हजारो डुकरांचे ऋणी आहे, असे ती पत्रात गमतीने लिहीत असे. मिसेस टर्पिन ही आत्मसंतुष्ट स्त्री नळीने डुकरे धूत असताना तिला दिव्य दर्शन होते. पत्रातील विनोद आणि कथेतील दर्शन यांत थेट नाते आहे, असा आग्रह धरणे धाडसाचे ठरेल. पण प्रतीक्षाकक्षातून कोंडवाड्याकडे जाणारी वाट ही ज्या लेखिकेची रोजची वाट होती, तिलाच ही रचना सुचू शकते.

छंदामागील श्रम

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप घेता येतो आणि तो घेतलाच पाहिजे. महाराष्ट्रातील खेड्यात परसात कोंबड्या पाळणारी स्त्री त्याला छंद म्हणत नाही. अंड्यांचे चार पैसे तिच्या हाती राहतात, म्हणून ती कोंबड्या पाळते. निरुपयोगी पक्षी पाळण्याची शिस्त ज्यांना परवडते त्यांनाच ती साधते. ओकॉनरच्या सकाळच्या दोन-तीन तासांभोवती किती जणांचे श्रम होते? सर्वप्रथम रेजिनाचे. शेत, हिशेब, मजूर, स्वयंपाकघर आणि मुलीचे औषधपाणी हे सर्व तिने सांभाळले. पत्रांतील रेजिना बहुतेकदा विनोदी पात्र म्हणून येते. तिच्याविषयीची कृतज्ञता क्वचित आणि वस्तूंच्या रूपाने दिसते. एका कथेचे दूरचित्रवाणीचे हक्क विकून आलेल्या पैशांतून ओकॉनरने घरात नवा रेफ्रिजरेटर आणला, हा त्यातलाच प्रकार. स्त्रीवादी समीक्षेने मुलीच्या कोंडमाऱ्याविषयी पुष्कळ लिहिले आहे. आईच्या वाट्याला आलेल्या तेरा वर्षांच्या शुश्रूषेविषयी मात्र त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले.

रेजिनाच्या पलीकडे, शेतावर राहणारे कृष्णवर्णीय कामगार होते. वंशभेदाच्या कायद्यांनी बांधलेल्या जॉर्जियात दूध काढणे, गोठा झाडणे, घरातील मदत ही कामे त्यांच्याकडे होती. ओकॉनरच्या पत्रांतील त्यांच्याविषयीची भाषा अनेकदा क्लेशकारक आहे. २०२० मध्ये पॉल एली यांनी 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात या पत्रांची चर्चा केली. त्याच वर्षी मेरीलँडमधील लोयोला विद्यापीठाने एका वसतिगृहाला दिलेले तिचे नाव काढून टाकले आणि अँजेला अलेमो ओडॉनेल यांचा तिच्या वंशविषयक दृष्टीचा सविस्तर अभ्यास करणारा 'रॅडिकल ॲम्बिव्हलन्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोंबड्यांची गंमत सांगणारी पत्रे वेगळी आणि ही वेगळी, असे करता येत नाही. पक्ष्याच्या तुऱ्यातील किंचित वाकडेपणा टिपणारी तीच नजर घराशेजारी राहणाऱ्या माणसांना पत्रांतून पुष्कळदा ठरीव साच्यातच पाहते. १९५३ च्या पत्रातील बारकाईने पाहण्याविषयीचे विधान आणि त्याला जोडलेली ती सावध पुस्ती येथे पुन्हा तपासावी लागते.

कथांचे मात्र तसे नाही, किंवा सर्वत्र तसे नाही. 'द एन्ड्युअरिंग चिल' मध्ये ॲसबरी गोठ्यात काम करणाऱ्या रँडल आणि मॉर्गन या दोन कृष्णवर्णीय मजुरांशी जवळीक साधू पाहतो. आईचा नियम मोडून तो त्यांच्यादेखत कच्चे दूध पितो आणि त्यांनाही प्यायला सांगतो. ते पीत नाहीत. तो दिवसामागून दिवस पीत राहतो. आडून त्यांचे बोलणे त्याच्या कानावर येते : एक विचारतो, त्याला ते दूध का पिऊ देतोस, दुसऱ्याच्या उत्तराचा आशय असा की, त्याने काय करावे ते त्याचे, मी काय करावे ते माझे. गोठ्यातील दुधाविषयी त्यांना जे माहीत आहे ते शहरातून शिकून आलेल्या या तरुणाला माहीत नाही, आणि ते सांगण्याची जबाबदारी त्यांची नाही. पुढे अंतिम निरोपासाठी तो दोघांना आपल्या खोलीत बोलावतो, तेव्हा तुमची प्रकृती छान दिसते आहे, असेच ते त्याला पुन्हा पुन्हा सांगतात आणि खोलीतून बाहेर पडायला उत्सुक असतात.